सपाट

वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांपासून चार दुकानं वर,
पहिला हेडफोन माझ्या डोक्यावर चढवून
दुकानदार माझं तोंड बघत उभा.
घुमतो खरा.
पण सगळ्याच आवाजांना कणीक थापलेली,
पखवाजाच्या डाव्या पुडीला मी थापतो तशी, ओली, जाड.
पेटी, झांजा, बुवांचा गळा,
सगळे डाव्या अंगावर झोपलेले.

दुसरा उलट.
बांगड्यात तिरफळ जास्त पडावं
तशा कानाला मुंग्या.

मला काय पाहिजे ते सांगता येईना.
पेज, म्हटलं. उकड्या तांदळाची.
मीठसुद्धा घालू नका, ते माझं मी बघीन.
"काका, खानावळ पलीकडे," तो म्हणाला
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

गोष्ट अशी, की तुळसच्या डबलबारीत
आसोलकर बुवा हरले.
लोक म्हणाले, साठी उलटली, गळा गेला.
बुवा म्हणाले, माईक.
माईकवाला काही म्हणाला नाही, फक्त वायरी गुंडाळत राहिला.
मीही म्हटलं, माईकच. तीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला बसतोय,
दुसरं काय म्हणणार?
भाच्याने ती रात्र मिक्सरवरून थेट उतरवून घेतली होती.
फोनच्या स्पीकरवर आम्ही सगळेच निर्दोष.

काउंटरमागे जेसिंता. चर्चच्या कॉयरमध्ये खालची पट्टी धरते.
तिने तळच्या कप्प्यातून एक काढला:
काळा, बिनचमकीचा, वायरवाला, खोक्यावर धूळ.
"हा कोण नेत नाय," म्हणाली,
"ह्याच्यात गाणं चांगलं वाटत नाय. असतं तसं वाटतं."

घातला. काहीच झालं नाही.
इतकं काहीच नाही, की वाटलं बिघडलाय.
मग गजराआधी बुवांनी घेतलेला श्वास.
भात्याची चिर्र.
सुपारीच्या डबीचं झाकण.
मागे कुठेतरी जनरेटर, आणि एक बाई पोराला म्हणते, झोप आता.
कोणीच पुढे आलेलं नाही, कोणी मागे सरलेलं नाही,
ओहोटीच्या पुळणीवर माणसं
जिथल्या तिथे उभी असावीत तशी.

जेसिंताने जरा वेळ मागून घेतला.
"एक बारीक शिट्टी आहे, काका. सबंध वेळ."
मला नाही आली.
बावन्न वर्षांचे कान, त्यातली तीस झांजांशेजारी.
आलो होतो सरळ काट्याचा तराजू शोधायला,
आणि एक पारडं घरूनच वाकडं आणलेलं.

पण एक्केचाळिसावं मिनिट मला आलं.
पेटी आपल्या जागी.
बुवा पेटीच्या खाली, केसभर.
आणि बुवांच्याही खाली
त्यांना बोट धरून नेणारं कोणीतरी.
माझी उजवी पुडी.
खाऱ्या दमट हवेत उतरलेली.
मध्यंतरात गठ्ठे ठोकून चढवायची होती.
मध्यंतरात मी चहाला गेलो होतो.

पुन्हा मागे नेऊन ऐकलं. पुन्हा.
पहिला हेडफोन परत मागावासा वाटला,
तो कणकेचा, ज्यात काहीच कळत नव्हतं.

"पटला?" जेसिंताने विचारलं.
नाही, म्हटलं. बांधून दे.
साडेसहा हजार. पाचशे भाच्याचे उधार.

एसटीत खोकं मांडीवर.
उभादांड्याच्या पुढे बुवांचा फोन.
"काय रे रवळ्या, गावलो काय दोष? माईकच मा?"
मी म्हटलं, गावलो.
आणि रेंज गेली.
खरंच गेली, त्या वळणावर जातेच.

घरी येऊन
आधी हातोडी शोधली.
मग फोन लावला.